तम्माण्णा पेटीवाल्याचे दोन हॉर्न

गुन्हा करून नाही म्हणणारी माणसं पैशाला पासरी. तम्माण्णा हा मी बघितलेला एकच माणूस, जो कोर्टाच्या पायरीवर उभा राहून "गुन्हा माझा हाय, मला आत घाला" म्हणून ओरडत होता आणि पट्टेवाला त्याला "गप बस की म्हाताऱ्या" म्हणत मागं ढकलत होता. ज्याला आत घातलं तो आमच्या येळ्ळूरचा परशराम ड्रायव्हर. दोन वर्षं सक्तमजुरी. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी काय, तर मोटारीचा हॉर्न! तो बिघडला होता म्हणून नव्हे, फार चांगला दुरुस्त झाला होता म्हणून. हसू नका. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलोच होतो.

तम्माण्णाला मी एकेरीत म्हणतोय. तो माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, तोंडावर त्याला 'अण्णा, तुम्ही' असंच म्हणायचो. पण आता मी त्याच्या तेव्हाच्या वयाच्या बराच पुढं आलोय, आणि खरं सांगायचं तर 'तुम्ही' म्हटलं की तो लांबचा कोणीतरी वाटायला लागतो. तेवढं चालवून घ्या.

तो बेळगावला लागून असलेल्या शहापूरचा, विणकराच्या घरातला. बाप साड्या विणायचा, भाऊ विणायचा, गल्लीत उजाडल्यापासून मागांची खडखड. ह्या पठ्ठ्याला ती खडखड सोसायची नाही. पोरवयात पळून मिरजेला गेला, तिथं पेट्या करणाऱ्याच्या हाताखाली राहिला आणि मिशा फुटल्यावर परत आला तो हार्मोनियमचा कारागीर होऊन. दुकान थाटलं कुठं, तर बापाच्याच मागाच्या पुढच्या सोप्यात. म्हणजे ज्या आवाजाला कंटाळून पळाला त्याच्याच तोंडाशी येऊन बसला. पेटीचा एखादा स्वर बारीक तपासायचा असला की तो डावा हात वर करायचा. आत भाऊ माग थांबवायचा. समोरचा थांबवायचा, शेजारचा थांबवायचा. चार माग त्याच्या एका हाताच्या इशाऱ्यावर गप व्हायचे, आणि हा डोळे मिटून एक पट्टी दाबून बसायचा. हात खाली आला की पुन्हा खडखड. अमावास्येला माग बंद असतात, त्यामुळं सगळी नाजूक कामं तो अमावास्येवर टाकायचा. लोक म्हणायचे, अरे अमावास्येला कोण नव्या कामाला हात लावतं का? तो म्हणायचा, "मला कान लावायचा असतोय रं, हात न्हाय."

अंगानं किरकोळ, डोक्याला काळी टोपी, कानांवर केसांचे झुपके. इतर लोक ओठात विडी धरतात तशी हा पेटीतली सूर देणारी पितळेची पत्ती धरायचा आणि बोलता बोलता तीतून हवा सोडायचा. घरी कोणी बोलावलं तर पेटी उघडायच्या आधी त्या घराचं दार दोनदा उघडून मिटून बघायचा. दार करकरत असलं तर आधी बिजागरीला तेल. एकदा एका मोठ्या वकिलाच्या बायकोनं म्हटलं, "अहो, तुम्हाला पेटीसाठी बोलावलंय." हा म्हणाला, "बाई, ह्ये दार असं बोलत असलं तर मी पेटीत काय ऐकू?" माणसांनाही तो असाच मोजायचा. मी काळी दोन. मोटार स्टँडवरचा चहावाला पांढरी पाच. आमचा मालक? "त्यो सूर बदलतोय बग, माणूस बघून." आणि जे बेसूर असेल त्याला त्याचा एकच शब्द होता, कानडीतला: "सुळ्ळ." म्हणजे खोटं. चिडला की तो कानडीत शिरायचा.

मी तेव्हा बेळगावच्या मोटार स्टँडवर तिकिटं फाडायचो. आमच्या घरात नांगर सोडून शहरात नोकरी धरलेला पहिला मीच, त्यामुळं टोपी जरा तिरकी असायची. युद्धाची वर्षं होती. पेट्रोल मिळायचं नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं ती धगधगणारी टाकी बांधलेली, सकाळी पंखा फिरवून फिरवून ती पेटवायची, मग बाई जेव्हा निघेल तेव्हा निघेल. बॅटऱ्या मेलेल्या, म्हणून विजेचे हॉर्न मुके झाले होते आणि जुने पितळी हॉर्न पुन्हा दाराशेजारी आले होते. पितळेचा वळणदार कर्णा, मागं रबराचा फुगा, दाबला की भों.

निपाणीच्या वाटेवर आमच्या मालकाच्या दोन मोटारी होत्या. मल्लाप्पाची मोटार पहाटे निपाणीहून सुटायची आणि दहाच्या सुमाराला बेळगावात यायची. ती आली की परशरामची निपाणीकडं सुटायची. मल्लाप्पा संकेश्वरकडचा, जाडजूड, हसरा. परशराम माझ्याच गावचा, माझ्या चुलत्याच्या घरासमोरचा, मला काका म्हणायचा. कमी बोलायचा आणि मोटारीला बैलासारखा जपायचा.

एक दिवस परशराम त्याचा हॉर्न टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं आला. "काका, ह्यो निस्ता घरघरतोय. मेस्त्री म्हणतोय फुगा गेला, नवा घाला. आता लढाईत रबराचा फुगा कुटनं आणू?"

मीच त्याला तम्माण्णाकडं नेलं. पेटीत हवा आणि पत्ती, हॉर्नमध्ये हवा आणि पत्ती, एवढा हिशेब माझ्या डोक्यानंही केला होता. फार हुशारी वाटली होती तेव्हा मला स्वतःची.

तम्माण्णानं हॉर्नला लगेच हात लावला नाही. आधी चौकशी. कधीपासून? सकाळी जास्त घरघरतो की दुपारी? धूळ किती बसते? मग फुगा एकदा हळू दाबला, एकदा जोरात. मग कर्ण्याच्या तोंडावर तळवा घट्ट धरला आणि फुगा दाबला. फुगा दबेना. "हवा कुटं जात न्हाय," म्हणाला. तरी खात्रीला फुगा बादलीतल्या पाण्यात बुडवून पिळला. एक बुडबुडा नाही. "फुगा शाबूत हाय. मेस्त्रीला म्हणावं, कान धुऊन घे." मग फुगा आणि कर्णा जिथं जोडतात तिथली मान त्यानं पिळून उघडली आणि आतली पत्ती काढली. हिरवट गंज चढलेला. तो चिंचेनं घासला, पत्ती ओठात धरून फुंकली, उन्हात धरून तिरकी केली आणि आम्हाला जवळ बोलावलं. मुळाशी केसाएवढी चीर होती.

"घासून आठ दिवस चालंल. पुन्हा तेच. बदलायला पायजे."

त्यानं आपल्या डब्यातली पेटीची एक जाड पत्ती काढली, कातरीनं बेतली आणि कानस हातात घेतली. तेव्हा परशराम म्हणाला, "अण्णा, पयल्यासारखाच करा. भसाडा असला तरी चालंल, पण मल्लाप्पाच्या हॉर्नावानी नगं."

"का रं?"

"तवंदीच्या घाटात वळणावर मी हॉर्न देतो. डोंगर ओ देतोय. माझाच आवाज परत आला तर वाट मोकळी. दुसरा आला तर खालनं कोणतरी चढतंय, मग मी थांबतो. उतरणाऱ्यानं थांबायचं, असंच हाय तितं."

तम्माण्णानं मान हलवली. हे मी मुद्दाम सांगतोय. त्यानं ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं.

परशरामचा हॉर्न त्यानं खर्जातला करून दिला. मल्लाप्पाचा किरटा, ह्याचा भरदार. घाटात काय गल्लत व्हायचं कारण नव्हतं. पण पत्ती पेटीची, लावणारा तम्माण्णा, त्यामुळं त्या हॉर्नचा आवाज असा सुरेख आला की टांगेवाले मान वळवून बघायचे. परशराम लाजायचा. मला म्हणाला, "काका, ह्यो मोटारीचा वाटत न्हाय, देवळातला वाटतोय."

पुढं दोन-तीन महिने गेले. तम्माण्णाला आता स्टँडवर यायची सवय लागली. दहाला मल्लाप्पाची मोटार आत शिरताना वाजायची, परशरामची निघताना वाजायची, आणि हा माझ्या खिडकीशी उभा राहून तोंड वाकडं करायचा. "सुळ्ळ. काय रं हे. एक सा लावतोय आणि दुसरा त्येच्या उरावर बसतोय." मला काही कळायचं नाही, मी म्हणायचो, अण्णा, ही मोटार आहे, मैफल नव्हे. त्याला करमायचं नाही. खरंच सांगतो, त्या दोन आवाजांनी त्याची झोप जात होती.

आणि मग मल्लाप्पाचा फुगा फाटला. तो नेमका अमावास्येला दुकानात गेला. तम्माण्णानं सायकलच्या जुन्या ट्यूबचं ठिगळ लावून फुगा झकास करून दिला. मल्लाप्पाचं काम एवढंच होतं. पण माग बंद होते, गल्ली गप होती, समोर मल्लाप्पाचा हॉर्न होता. कोणी न सांगता ह्यानं त्याची मान उघडली, किरटी पत्ती काढून टाकली आणि परशरामच्या जोडीची, त्याच डब्यातली पत्ती बसवली. अगदी तोच स्वर. केसाचाही फरक नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला दोन्ही वाजले. एकच आवाज. मल्लाप्पा खूश. "लई ग्वाड झाला की ओ!" तम्माण्णानं डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला. आणि मी, शहाणा, खिडकीतून ओरडलो, "आता कसं! जोडी जमली अण्णा!"

परशराम तेव्हा कोळसा घालत होता. त्यानं ऐकलं की नाही ठाऊक नाही. ऐकलं असलं तरी त्याला भ्यायचं कारण नव्हतं. जाताना तो घाट उतरायचा तेव्हा मल्लाप्पा बेळगावात पोहोचलेला असायचा. परतीला हा लवकर घाट चढून यायचा आणि दोघं संकेश्वरला सपाटीवर भेटायचे. तवंदीच्या वळणावर ते समोरासमोर कधी यायचेच नाहीत.

एका दिवशी आले. निपाणीला मल्लाप्पाचा गॅस पेटेना. दहा वाजले, सव्वादहा झाले, मोटारीचा पत्ता नाही. उतारू माझ्या खिडकीवर कावायला लागले. परशराम म्हणाला, "काका, त्यो येऊ दे की." मी म्हणालो, "त्याच्यासाठी तू खोळंबून बसणार? सोड." शिट्टी मीच दिली.

दुपारी एकच्या सुमाराला तवंदीच्या वळणावर दोन्ही मोटारी समोरासमोर धडकल्या. मल्लाप्पा जागच्या जागी गेला. त्याच्या शेजारच्या बाकावरची एक बाई, माहेराला निघालेली, तीही गेली. परशरामच्या गळ्याचं हाड मोडलं, आणि त्याला तिथंच पोलिसांनी धरलं. उतरणाऱ्यानं थांबायचं, तो थांबला नाही. सरळ होतं सगळं. गावानंही आपलं कारण शोधलं: अमावास्येला हॉर्नला हात लावला, दुसरं काय होणार? तम्माण्णाच्या दारावरून बायका पदर सावरून जायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात परशरामला बघून आलो. तम्माण्णा खिडकीशी वाट बघत होता. म्हणाला, "काय म्हणतोय पोरगं?"

"म्हणतोय, मी हॉर्न दिला, डोंगरानं ओ दिली, म्हणून मी उतरलो. पोलिसांनी लिहून घेतलंय. हसतायत त्याला."

तम्माण्णाच्या ओठातली पत्ती खाली पडली. त्यानं खिडकीचे गज धरले. तो अगदी हळू म्हणाला, "दत्तू, ती डोंगराची ओ नव्हं. त्यो मल्लाप्पा वाजवत होता. मी केलं रं हे."

त्या क्षणी मला सगळं कळलं. जोडी जमली म्हणून मीच ओरडलो होतो हेही आठवलं.

त्या दिवसापासून तम्माण्णाला एकच ध्यास: परशराम सुटला पाहिजे. तो आधी मालकाकडं गेला. मालकानं विचारलं, "हॉर्न वाजत होता का नव्हता?"

"वाजत होता."

"मग झालं की! हॉर्न चालू होता, चूक ड्रायव्हरची. तू कशाला मधे पडतोस? स्वराबिराचं काढलंस तर लोक म्हणतील मालकानं मोटारी पेटीवाल्याकडनं दुरुस्त करून घेतल्या."

मल्लाप्पाची मोटार तोवर भंगारात गेली होती. तम्माण्णा तीन दिवस भंगारवाल्याच्या ढिगात बसला. पेटीच्या पट्ट्यांवर फिरणारी ती बोटं गंजलेल्या पत्र्यांनी कापून निघाली. चौथ्या दिवशी कर्णा सापडला, पोळीसारखा चपटा. मान आणि पत्ती नव्हती. लढाईत पितळेला फार मागणी होती, ते केव्हाच वितळायला गेलं होतं.

परशरामचा हॉर्न मात्र पोलिसांनी मुद्देमाल म्हणून ठेवला होता. तो कोर्टात येणार होता. म्हणून तम्माण्णानं ठरवलं, दुसऱ्या हॉर्नच्या जागी पेटी न्यायची.

खटल्याच्या दिवशी तो डोक्यावर पेटी घेऊन कोर्टात आला. परशरामचा वकील नवा होता, त्यानं घाबरत घाबरत परवानगी मागितली. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, "हे वाद्य कशाला?" तम्माण्णा हात जोडून म्हणाला, "साहेब, एक डाव ऐका फकस्त."

चपला बाहेर काढून तो फरशीवर बसला. भाता उघडला, एक पट्टी दाबली आणि पट्टेवाल्याला खूण केली. पट्टेवाल्यानं हॉर्न दाबला. पेटी कुठं संपली आणि हॉर्न कुठं लागला, कोणाला कळलं नाही. पट्टेवाल्यानं हातातल्या हॉर्नकडं बघितलं आणि आपला आवाज आला की नाही म्हणून पुन्हा दाबला. मला वाटलं, सुटला! परशराम सुटला!

मग सरकारी वकील उठले. "पेटी घाटात होती काय हो?"

सगळे हसले.

"दुसरा हॉर्न कुठं आहे?"

"भंगारात गेला, साहेब."

"म्हणजे तो ह्याच स्वराचा होता हे तुम्ही म्हणता म्हणून मानायचं. कोणी ऐकलाय?"

तम्माण्णाचा चेहरा उजळला. त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो दत्तू. रोज दहाला दोन्ही ऐकायचा. जोडी जमली म्हणाला ह्यो."

मला पुढं बोलावलं. मालक दुसऱ्या बाकावर बसला होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. मला तो काही बोललेला नव्हता. धमकी नाही, लालूच नाही. फक्त बसला होता. पण येळ्ळूरला माझ्या घरात सात माणसं माझ्या त्या खिडकीकडं बघून जेवत होती आणि ते मला ठाऊक होतं, मालकालाही ठाऊक होतं.

"दोन्ही हॉर्न एकसारखे वाजत होते काय?"

मी म्हणालो, "मला स्वरातलं काही कळत नाही, साहेब."

शब्द न् शब्द खरा होता. कोणी मला खोटं बोललास म्हणू शकणार नाही. तम्माण्णाला वाटलं मला प्रश्न ऐकू आला नाही. तो फरशीवरून मान वर करून मायेनं म्हणाला, "दत्तू, नीट ऐक रं. काय इचारत्यात बग." साहेबांनी त्याला गप बसवलं. मी पुन्हा तेच म्हणालो. आरोपीच्या पिंजऱ्यातून परशराम माझ्याकडं बघत होता. मी छताकडं बघितलं.

दोन वर्षं. परवाना रद्द. त्यानंतरच तो पायरीवरचा तमाशा, "मला आत घाला." शेवटी त्याचा भाऊ पेटी डोक्यावर घेऊन त्याला हाताला धरून घेऊन गेला.

ह्यानंतर तम्माण्णा पेट्या दुरुस्त करायचा, पण निम्म्या वेळी हात वर करायलाच विसरायचा आणि माग चालू असतानाच पत्ती घासायचा. पेट्या बेसूर निघायला लागल्या. गिऱ्हाईक तुटलं. सकाळी तो स्टँडवर यायचा आणि ड्रायव्हरांना अडवून सांगायचा, "तुझा आणि त्येचा आवाज जवळ आलाय बाबा, बदलून घे." ते त्याला येडं म्हणायचे. एकानं त्याच्या कानाजवळ मुद्दाम हॉर्न दाबला. तम्माण्णा दचकला नाही. माझ्याशी तो बोलायचा, पूर्वीसारखाच. एकदाही कोर्टाचं काढलं नाही. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं एकच आशा धरली होती. परशराम सुटून आला की त्याच्या सहीनं वर अर्ज करायचा, की मी ऐकलेली ओ डोंगराची नव्हती, ती मल्लाप्पाच्या हॉर्नची होती. मग नाव साफ होईल, परवाना मिळेल. अर्ज त्यानं एका कारकुनाकडून इंग्रजीत लिहून घेतला होता आणि मराठीतही.

लढाई संपली त्या साली परशराम सुटला. तम्माण्णा माझ्याकडं आला. "तुझं गाव हाय. संगं चल."

आम्ही दोघं येळ्ळूरला गेलो. परशराम सोप्यात भाताची पोती शिवत होता. केस पिकले होते, वय असेल तिशीचं. तो उठून तम्माण्णाच्या पाया पडला. त्याच्या आईनं चहा दिला. मला ती आत ये म्हणाली नाही.

तम्माण्णानं अर्ज काढला, वाचून दाखवला, आणि टाक पुढं केला. "हितं सही कर. बाकी मी बघतो."

परशरामनं टाक घेतला नाही. म्हणाला, "नगं, अण्णा."

"का रं? माझी चूक हाय ती. तू ऐकलंस त्ये मल्लाप्पाचं वाजणं."

"काय म्हाईत. मी झोपलोबी असंन."

"तू झोपला न्हवतास!"

"मलाबी तसंच वाटायचं पयलं. पर दोन वर्सं रोज सगळ्यांनी इचारलं, झोपलास न्हाय तर मग ऐकलं कसं न्हाय? हळूहळू मलाच आठवंना. कोर्ट काय येडं हाय का अण्णा? झोपलोच असंन. डोळा लागला असंल उनाचा."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "परशा, तू झोपला नव्हतास. दोन्ही हॉर्न एकच वाजायचे. मी रोज ऐकत होतो. मला कळत होतं."

परशरामनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तो म्हणाला, "काका, आता ह्ये नका सांगू. झोपलो हुतो म्हटलं की दोन वर्सं पटत्यात मला. न्हायतर ती कशापायी गेली म्हणू?"

आणि तो सुई घेऊन पुन्हा पोतं शिवायला लागला. त्याच्या आईनं कपबशा उचलल्या.

आम्ही उठलो. गावाच्या वेशीपर्यंत आलो. दोन्ही बाजूला भात कापून झालेली शेतं, पुढं वडगावकडं जाणारी वाट. तिथं तम्माण्णा थांबला. म्हणाला, "संपलं, दत्तू. आता खरं काय झालं त्ये ठावं असलेला मी एकटाच ऱ्हायलो."

मी म्हणालो, "असं का म्हणता अण्णा? मी आहे की."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यावर कसलाही राग नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "त्या दिशी तू न्हवतास."

पुढच्या संक्रांतीच्या आत तो गेला, मला चौथ्या दिवशी कळलं. पण मी त्याला शेवटचं बघितलं ते हेच. अर्जाची घडी बंडीच्या आतल्या खिशात घालून तो शहापूरच्या वाटेला लागला. एकदाही मागं बघितलं नाही. त्याच्याबरोबर शहरात परत जायचं माझं ठरलं होतं, पण मी आज गावातच राहतो म्हणालो आणि वेशीतून मागं वळलो.